आबांच्या फियाटमधला स्टिरिओ

६ एप्रिल, रविवार
आजपासून रोजनिशी. माझे वडील, आबा, जाऊन तीन महिने झाले. हेमांगी म्हणते, तुम्ही अजून रडला नाहीत, हे काही बरं नाही. मला काही वाटतच नाही तर रडू कुठून आणू? भूक लागते, झोप लागते. नवरा ठणठणीत असल्याचंही हिला दुःख.
संध्याकाळी आईने विषय काढला. तीस तारखेला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आबांच्या नावाची पहिली घागर भरायची, तर त्याआधी नूतन माहेरी यायला हवी. दरवर्षी तिला सोनगीरहून आणायला मुऱ्हाळी म्हणून आबाच जायचे, त्यांच्या फियाटमधून. यंदा मुऱ्हाळी मी. म्हणालो, त्यात काय, आणतो.

७ एप्रिल
फियाट तपासली. एका सेल्फमध्ये सुरू. पण डॅशबोर्डमध्ये तोच जुनाट रेडिओ, दोन गोल बटणं, मध्ये काटा. तो वाजल्याचं मला आठवत नाही. म्हणजे बिचारी नूतन इतकी वर्षं सोनगीर ते पाचोरा मुक्याने येत होती! मी कधी सोबत गेलो नाही. मला गाडी लागते.
निर्णय: टचस्क्रीन स्टिरिओ, ब्लूटूथसह. बहिणीला आणायचं तर थाटात. मेकॅनिक नको. मी शाळेत विज्ञान शिकवतो. बॅटरी आणि वायर म्हणजे सहावीचा धडा.

१३ एप्रिल, रविवार
ऑनलाइन मागवलेला स्टिरिओ आला. देखणा आहे. डॅशबोर्डची खाच मात्र त्याच्या निम्मी. त्या काळी लोकांना दूरदृष्टी नव्हती.
जुना रेडिओ उपसून काढला. भंगारवाला दारातच होता, देऊन टाकला. त्याने बदल्यात काही दिलं नाही, उलट चहा पिऊन गेला. आई ओट्यावरून बघत होती. मग उठून आत गेली. म्हणजे तिलाही पटलं.

१४ एप्रिल
सुट्टी. शेजारच्या सुपडूभाऊंचा ग्राइंडर आणून डॅशबोर्डचा पत्रा कापला. सुपडूभाऊ म्हणाले, सर, एकदा मोजून घ्या. म्हणालो, नजर आहे माझी.
आता खाच जरा मोठी झाली आहे. स्टिरिओ आरपार जातो.

२० एप्रिल, रविवार
दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवला. वायर जोडल्या. स्क्रीन लागली! हॉर्न बंद पडला, पण असो. हायवेवर सगळेच वाजवतात, एक आपण नाही वाजवला तर काय बिघडतं?
नूतनला फोन केला, शनिवारी येतो. ती म्हणाली, दादा, आबांच्याच गाडीने ना? म्हणालो, गाडी आता ओळखू येणार नाही तुला. फोन कट झाला. रेंज गेली असावी.

२३ एप्रिल
चव्वेचाळीस डिग्री. टेप वितळला. स्टिरिओ वायरींवर लोंबतोय. टेप चांगलाच होता, ऊन जास्त आहे.
आईचं म्हणणं, तुना बाप ग्या तवयपासून तू गाडीम्हाच शे. खरं आहे, गाडीतच असतो. माणसाने कामात राहावं. मला काही त्रास नाही. झोप चांगली.

२६ एप्रिल, शनिवार
स्टिरिओ पुट्टीने चिकटवला, दगडासारखा बसला. निघायला गेलो तर गाडी गप्प. स्क्रीन रात्रभर चालू होती म्हणे. बॅटरी ठार उतरली.
नूतन सकाळपासून बॅग भरून दारात बसलेली. फोनवर सांगितलं, उद्या नक्की. आई म्हणाली, पोर वाट देखी राहिनी रे. मला कळत नाही का?

२७ एप्रिल
बॅटरी चार्ज करून आणली. गाडी सुरू! मग डॅशबोर्डमागून थोडा धूर. थोडाच.
हेमांगी म्हणाली, एसटीने जा आणि घेऊन या तिला. आबा असते तर एसटीने गेले असते का? शिवाय मला एसटीही लागते. हेमांगी म्हणाली, मग भाड्याची गाडी करा. मी म्हणालो, प्रश्न तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, कोणत्या? त्या वेळी आठवलं नाही.
नूतनचा फोन. सासूबाई विचारताहेत, यंदा मुऱ्हाळी नाही का कुणी तुझ्याकडचा? म्हणालो, आहे ना, उद्या.

२८ एप्रिल
वायरिंग जळलंय. किरकोळ. रंग ओळखायला वेळ लागतोय, कारण सगळ्या काळ्या झाल्या आहेत.

२९ एप्रिल
दुपारी नूतन एकटीच आली. एसटीने, धुळ्याला गाडी बदलून, भर उन्हात, डोक्यावर ओला रुमाल. आईने तिला दारात बघितलं आणि मोठ्याने रडायला लागली. आबा असेपर्यंत ही पोर कधी एकटी आली नव्हती.
मी म्हणालो, गाडी जवळजवळ तयार आहे. कुणी ऐकलं नाही.

३० एप्रिल, आखाजी
घागर भरली. वर खरबूज ठेवलं. आबांचं नाव घेतलं. तेव्हाही काही वाटलं नाही.
जेवणं झाल्यावर नूतन अंगणात फियाटमध्ये जाऊन बसली. मीही शेजारी बसलो. तिने विचारलं, दादा, रेडिओचं बटण कुठंय? म्हणालो, तो तर बिघडलेला होता. ती म्हणाली, माहीत आहे. गाडी सोनगीरबाहेर पडली की आबा म्हणायचे, लाव स्टेशन. मी बटण फिरवायचे आणि आबा गायचे. आखाजीची गाणी, बायकांची, बेसूर. उजवीकडे फिरवलं की मोठ्याने, डावीकडे फिरवलं की हळू. पारोळा आलं की बातम्या: सोनगीरच्या नूतनबाई माहेरी निघाल्या आहेत, पाचोऱ्यात आनंदीआनंद.
मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.
म्हणालो, लाव स्टेशन. तिने पुट्टीच्या शेजारी हवेतच बटण फिरवलं. गाणं मला एकही येत नाही, म्हणून बातम्या सुरू केल्या. सोनगीरच्या नूतनबाई एसटीने एकट्या माहेरी आल्या. त्यांचे वडील... पुढचं वाक्य आलंच नाही. हुंदका आला, मग दुसरा, मग थांबेचना. आबा नाहीत. सोनगीरला त्यांच्या जागी मी उतरणार होतो, ते मला जमणारच नव्हतं. नूतन रडत रडत बटण डावीकडे फिरवत राहिली, पण माझा आवाज काही कमी होईना.
हेमांगी धावत ओट्यावर आली. म्हणाली, अहो, वायरिंगच जळलंय ना? त्यासाठी एवढं रडतं का कुणी?