दहा इंचांची चौकट

१२ नोव्हेंबर १९८६, बुधवार

आज क्लिनिकमध्ये डोरीन नावाची एक बाई आली. पस्तीस-छत्तीसची असेल, स्कूल बस चालवते. डाव्या बाजूची कॉलरबोन मागच्या वर्षी मोडली होती. जुळलीय, पण वाकडी. म्हणाली, यावर बसेल असं काहीतरी करून दे. कवचासारखं.

मी विचारलं, कशापासून कवच? तिनं पर्समधून काळी रबराची चकती काढून टेबलावर ठेवली. जड आणि गार. आईस हॉकीचा पक. गोठवून ठेवतात म्हणे, म्हणजे उसळत नाही. ती बायकांच्या संध्याकाळच्या लीगमध्ये गोलकीपर आहे. समोरून ही चकती येते आणि ही अंगावर घेते.

काट्यावर ठेवून पाहिली. वजन जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूएवढं!

मुंबईला पोलिओच्या मुलांचे कॅलिपर केले. इथे अमेरिकेत डुलुथला आल्यापासून पाठीचे पट्टे आणि घोट्याचे ब्रेस करते. पण आपणहून मार खायला उभं राहायचं आणि त्यासाठी माप द्यायला यायचं — असं गिऱ्हाईक पहिलंच.

म्हटलं, मग सरळ जाड गादीच का बांधत नाहीस? ती हसली. "अलाउड नाही."

दिवसभर तेच डोक्यात. मार लागू नये म्हणून घालायच्या वस्तूला कमीत कमी इतकी जाडी हवी असा नियम समजू शकते. जास्तीत जास्त इतकीच — हे कशासाठी?


१६ नोव्हेंबर, रविवार

नवऱ्याला, राजीवला, ओढून बर्फाच्या रिंकवर नेलं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि आत जाऊन पुन्हा बर्फाशेजारीच बसायचं — तो वैतागला होता. मग डोरीन जाळ्यासमोर उभी राहिली आणि तो पुढे सरकून बसला.

जाळं सहा फूट रुंद, चार फूट उंच. डोरीन वाकली की त्यातला बराचसा भाग तीच झाकते. उरलेल्या फटी हात, पाय, काठीनं बुजवायच्या. पायांना तपकिरी चामड्याची भलीमोठी पॅड, छातीवर मात्र पातळ नमदा. कॉलरबोन उघडीच म्हणायची!

लीगचे नियम सांभाळणारे मिस्टर लुंड भेटले. शाळेत पीटी शिकवायचे, आता रिटायर्ड. त्यांच्याकडे एक लाकडी चौकट आहे, आतून बरोबर दहा इंच. सीझनच्या सुरुवातीला प्रत्येक गोलकीपरचं पॅड त्यातून सरकलं पाहिजे. छातीवरचं कवच अंगाच्या आकाराबाहेर जाता कामा नये.

मी विचारलं, पण लागतं ना त्यांना? ते म्हणाले, "माझ्याकडे येणारा प्रत्येक जण सेफ्टी म्हणतो. मला रुंद व्हायचंय, असं म्हणत आजवर कुणी आलं नाही."

गाडीत राजीव म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं." नागपूरला कॉलेजात तो विकेटकीपर होता. "ग्लोव्ह सुपाएवढे केले तर मग मी कशाला, सूपच उभं कर की स्टंपामागे." मी म्हटलं, तुझं बोट मोडलं होतं ते? "ते मोडलंच," म्हणाला.

लागतं हेही खरं, आणि नियमही खरा. तेच तर गमतीचं आहे.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

डोरीनच्या खांद्याचा प्लास्टरचा साचा घेतला. हाडावर कवच टेकवायचंच नाही. पुलासारखं वरून न्यायचं, भार आजूबाजूच्या मांसावर टाकायचा. कॅलिपरचंच तत्त्व. हात शिवशिवतायत.


६ डिसेंबर, शनिवार

नापास. लुंडसाहेबांनी कवच बघितलं, डोरीनला घालायला लावलं, जाळ्यासमोर वाकायला सांगितलं. मग मला त्यांच्या जागी उभं केलं. "काय दिसतं?" म्हणाले.

खांद्यावर फळी ठोकल्यासारखं दिसत होतं. खांद्यावरून जाळ्यात गेला असता तो पक आता तिथे अडला असता.

मी म्हटलं, पण हाड तिथेच आहे. ते म्हणाले, "हाड तिथे आहे. पण फळी हाडापेक्षा मोठी आहे."

राग आला. घरी येऊन राजीवला पूर्ण अर्धा तास ऐकवलं.


७ डिसेंबर, रविवार

भाजी चिरताना लक्षात आलं. साचा मी तिला खुर्चीत ताठ बसवून घेतला होता! ती खेळते वाकून. वाकलं की खांदा पुढे येतो, आणि कवच मागे राहून वर उचललं जातं. खुर्चीत बसून पक कोण अडवतं?

डोरीनला फोन केला. "तुला पुन्हा प्लास्टरमध्ये उभं राहावं लागेल. वाकून." ती म्हणाली, "सू, तू हे फार सीरियसली घेतलंयस." म्हटलं, तू नाही घेतलंस?


१० जानेवारी १९८७, शनिवार

दुसरं कवच पास झालं. अंगाला चिकटून बसतं, चौकटीबिकटीची भानगड नाही. प्रॅक्टिसला ती ते घालून उतरली. मी काचेमागे उभी. तिसऱ्या की चौथ्या शॉटला पक सरळ कवचावर आला — आणि तिथून वर घसरला. प्लास्टिक गुळगुळीत, वर बाक. मुखवट्याच्या खालून गळ्यापाशी.

डोरीन गुडघ्यांवर बसली. थोडा वेळ श्वास घेता येईना. मग हात वर केला, ठीक आहे म्हणून. हनुवटीखाली लाल वळ. बोटभर खाली लागला असता तर?

कवच नसतं तर हाडावर लागला असता. दुखलं असतं, पण तिथेच थांबला असता. मी केलेल्या वस्तूनं त्याला गळ्याची वाट दाखवली.


११ जानेवारी, रविवार

काही केलं नाही. पोहे केले, तेही खारट.


२५ जानेवारी, रविवार

राजीव म्हणाला होता, आता सोड हे. सोडणार होते. पण परवा क्लिनिकमध्ये एका आजोबांच्या बुटात मऊ फोम बसवत होते. बोटानं दाबला, तो दबला आणि दबलेलाच राहिला. हळूहळू वर आला.

पक थांबवायचा नाही. त्याचा जोर मारायचा. जागीच पडला पाहिजे!

कवचावर तो फोम चिकटवला. जाडी अर्ध्या इंचानं वाढली. लुंडसाहेब लगेच पट्टी घेऊन पुढे. म्हटलं, थांबा — आणि कवचाच्या खालचा जुना नमदा अर्धा इंच कापून काढला. तो तसाही काही करत नव्हता. बाहेरून माप तेवढंच राहिलं.

त्यांनी पट्टी खिशात घातली. "हे मला सुचलं नसतं," म्हणाले. मग म्हणाले, "आणि मी अडवलं नसतं तर तुम्हालाही सुचलं नसतं."

हे मात्र खरं. मर्यादा नसती तर मी नुसती जाडी वाढवत गेले असते.


१५ फेब्रुवारी, रविवार

काल मॅचमध्ये पक डोरीनच्या खांद्यावर आला. जोरात. आवाज काचेपलीकडे ऐकू आला. पक तिच्या पायाशी पडला, पिकलं फळ पडावं तसा. ती तशीच उभी. माझ्याकडे बघून काठी हलवली.

आज जेवायला आली होती. थालीपीठ केचपबरोबर खाल्लं, दोन. राजीवनं डोळे मिटून घेतले. जाताना दारात म्हणाली, "आधी मी पक बघायचे आणि खांदा आठवायचा. काल नुसता पक बघितला." आणि पहिल्यांदा नीट म्हणाली — सुलेखा.


८ मार्च, रविवार

लुंडसाहेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. शनिवारी फायनल. गोलकीपरची मापं घ्याल का, म्हणून फोन. मी म्हटलं, डोरीन माझी मैत्रीण आहे. ते म्हणाले, "इथे सगळे कुणाचे तरी कुणीतरी आहेतच. तुम्हाला निदान मापता येतं."

हो म्हटलं. मजा वाटली. चौकट हातात येणार!


१४ मार्च, शनिवार

समोरच्या गोलकीपरची पॅड चौकटीतून आरामात गेली. डोरीनचं डावं गेलं. उजवं अडलं. फिरवून बघितलं, पुन्हा अडलं. टेपनं मोजलं — अकरा इंचांच्या वर. नोव्हेंबरमध्ये हेच पॅड लुंडसाहेबांनी पास केलं होतं.

बाहेरच्या कडेला फुगवटा. आणि तिथेच शिवण नवी, पांढऱ्या दोऱ्याची.

डोरीनला बाजूला घेतलं. ती म्हणाली, "शिवण सुटली होती म्हणून शिवली. आत काही घातलं नाही." मी म्हटलं, मग रुंदी कुठून आली? "मला काय माहीत." मी म्हटलं, डोरीन, या कडेला तुझा पायच नाही. जिथे पाय नाही तिथे ही जाडी कशाला? सेफ्टी म्हणू नकोस मला.

तिनं काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "तुला जे दिसतंय ते लिही."

लिहिलं. उजवं पॅड बाद.

ती रिंकवरची जुनी, ढिली पॅड बांधून खेळली. तीन गोल झाले. एक तर उजव्या पायाच्या बाहेरून, अगदी त्या कडेजवळून. हरले. हात मिळवायच्या रांगेतून ती माझ्यासमोरून गेली, मान वळवून.


१५ मार्च, रविवार

राजीवला विचारलं, तू असतास तर? तो म्हणाला, "लिहिलंच असतं. पण आधी तिचं थोडं ऐकलं असतं."

ऐकलं की मी. एकदा नाही, दोनदा विचारलं.

इतक्या महिन्यांत लुंडसाहेबांचं तेच एक वाक्य सारखं कानात. प्रत्येक जण सेफ्टी म्हणतो. तीही त्यातलीच निघाली. खांद्याचं निमित्त करून मला वापरलं की काय, असंही मनात आलं. जेवायला आली होती तेव्हाचा तिचा डबा आमच्याकडे राहिलाय. राजीव म्हणाला, देऊन ये. म्हटलं, बघू.


१८ मार्च, बुधवार

दुपारी लुंडसाहेब ते उजवं पॅड घेऊन क्लिनिकमध्ये आले. डोळ्याला पट्टी, शेजाऱ्यानं गाडीनं आणून सोडलं. "उघडू या," म्हणाले. "मला खात्री करायचीय."

पांढरा दोरा उसवला. आत हरणाचे केस — जुन्या पॅडमध्ये तेच भरतात म्हणे. तेच जुने, ओले, काळपट. नवं काही नाही. एक चिंधीसुद्धा नाही. सीझनभर घामानं आणि बर्फाच्या पाण्यानं भिजून सगळा भराव सरकत सरकत बाहेरच्या कडेला गेला होता.

लुंडसाहेबांनी मधे हात घातला. मग माझा हात धरून आत घातला. गुडघ्याच्या जागी काहीच नव्हतं. चामडं आणि चामडं. कोण जाणे किती मॅच ती तशीच उभी राहिली.

मी कडेला टेप लावली. मधे दाबून बघितलं नाही. दाबून बघणं हे तर माझं रोजचं काम.

क्लिनिक लवकर बंद करून बस डेपोत गेले. पिवळ्या बसांच्या रांगेत डोरीनची बस सापडली. ती चाकामागेच बसली होती. तिनं दार उघडलं. मी सगळं सांगितलं, उभ्यानंच. ती म्हणाली, "मला वाटलं, वयाचं दुखणं आहे. ब्रेकचा पाय ना."

मी खाली बसले. तिनं पँट वर ओढली. गुडघा सुजून गोल झालेला, बाजू पिवळी-निळी.

"हात लावू?" मी विचारलं.

तिनं बसचं दार लावून घेतलं. मग पाय पुढे केला.