माझ्याविरुद्ध पडलेली एकेचाळीस मते रद्द करू नयेत

प्रति,
मा. निर्वाचन अधिकारी,
भैरवटेकडी दगडखाण कामगार सहकारी संस्था,
इंदरगंज, लष्कर, ग्वाल्हेर.

विषय: दि. ११ मेच्या सभेतील मतदान कायम ठेवून माझे राहिलेले मत नोंदवून घेण्याबाबत.

संदर्भ: ठराव क्र. १, तसेच माझा मुलगा सौरव याचा दि. १९ मेचा तक्रार अर्ज.

महोदय,

आपण मराठी वाचता असे समजले, म्हणून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हिंदी अर्ज मुलाकडून लिहून घ्यावा लागला असता, आणि हा अर्ज त्याच्याविरुद्ध आहे.

१) मी मूळची फलटणकडची. लग्नानंतर १९८६ साली पती कै. कान्होजी यांच्यासोबत पोटासाठी या खाणीवर आले. एकतीस वर्षे दगड फोडला. पती धुळीने छाती भरून वारले. संस्थेचा नियम घरटी एक मत, तेही पुरुषाचे. त्यामुळे सभासद असूनही मला मत नव्हते. पतींचे मत अठरा वर्षांच्या सौरवकडे गेले.

२) राबणाऱ्या बाईला मत मिळावे म्हणून आम्ही चव्वेचाळीस जणींनी नऊ वर्षे अर्ज केले. या काळात आमच्या ओळीचे पाणी दोनदा तोडण्यात आले. शेजारीण गरिमा हिने पहिल्या अर्जावर अंगठा लावला, तेव्हा तिच्या नवऱ्याने तो अंगठा दगडावर धरून हातोडीने ठेचला. पुढचे सर्व अर्ज तिने डाव्या अंगठ्याने केले. यंदा फेब्रुवारीत नियम बदलला.

३) ११ मे रोजी बायकांनी प्रथमच मत दिले. पहिला ठराव माझ्याबद्दल होता: बाहेरून आलेल्या, काम सुटलेल्या या विधवेचे सभासदत्व संपवावे व तिने वसाहतीतील खोली सोडावी. जी बाई विरोधात जाईल तिच्या माणसाला सोमवारपासून काम नाही, असे अध्यक्ष जयसिंहराव यांनी आधीच घरोघरी सांगितले होते. सौरव सोडून पुरुष सगळेच ठरावाच्या बाजूने होते. बायकांचे एकेचाळीस अंगठे बाजूने पडले, दोन विरोधात. गरिमाचा बाजूने. ठराव माझ्याविषयीचा, म्हणून मला रांगेतून बाहेर काढले.

४) सौरव याच खोलीत राहतो. त्याने अर्ज केला आहे की, बायका अडाणी आहेत, दबावाने अंगठे लावतात, म्हणून हे मतदान व ठराव रद्द करून घरटी एक मत पूर्ववत करावे. मला म्हणाला, "आई, तुला छप्पर हवंय की बायकांची मतं?"  माझे उत्तर म्हणून आपण माझा हा अर्ज त्याला वाचून दाखवावा.

५) गरिमा दुसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाली, "काकी, मेरे आदमी का काम चला जाता." तिने फार वाईट केले, हे मी तोंडावर सांगितले आणि दार लावून घेतले. आजतागायत बोललेले नाही. तरीही तिचे मत रद्द होऊ नये. चौकशी धमकी देणाऱ्याची करावी. मते काढून घेऊ नयेत.

६) खोली मी ३० जूनपर्यंत सोडते. बिर्लानगरात एका ओळखीच्या बाईंनी पडवी दिली आहे. विनंती एवढीच, की माझे मत ठरावाच्या विरोधात नोंदवावे. त्याने निकाल बदलत नाही, हे मला कळते. मी आता सभासद नाही, असे आपले कार्यालय म्हणेल. परंतु मते घेतली जात होती तेव्हा मी सभासद होते, आणि रांगेत माझा नंबर सातवा होता.

आपली विनीत सभासद,
(सही)
पद्मा कान्होजी खलाटे
खोली क्र. १७, भैरवटेकडी वसाहत, ग्वाल्हेर
दि. २ जून २०२५

सोबत:
१. सभासद पुस्तिकेची छायाप्रत.
२. स्वतंत्र कागदावर माझे मत, सहीसह.