भुंगा बोर्डावरून उतरवू नये

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने अँप्लिफायर आणि पेडल दुरुस्त करणारी, सवयीने बास गिटार वाजवणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. दबाव आहे तो फक्त रक्ताचा. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी फुगली आहे आणि उद्या सकाळी ती शस्त्रक्रियेने दुरुस्त करायची आहे. सर्जन म्हणाले, "काळजी करू नका," आणि त्याच दमात विचारलं, "घरचे सगळे गावातच आहेत ना?" ते दुसरं ऐकून मी वकीलबाईंना फोन केला.

तोवर जड उचलायचं नाही आणि चिडायचं नाही, असं मला बजावलं आहे. पहिलं मी पाळलं. दुसऱ्यासाठी आमचे हे माझ्या डाव्या मनगटावर बोटं ठेवून शेजारी बसले आहेत. नाडी पळायला लागली की ते खाकरतात. यापूर्वी मी रागाच्या भरात "माझ्यामागे हे त्याला, ते तिला" असं काही बोलले असेन, तर ते सगळं रद्द समजावं.

कलम १. राहतं घर आणि बँकेत जे असेल ते माझ्या नवऱ्याला. त्यांनी पुढच्या खोलीतलं माझं रिपेअरिंगचं टेबल हलवून तिथे पाहुण्यांसाठी पलंग टाकू नये. पाहुण्यांना पलंग मिळाला की ते मुक्काम हलवत नाहीत. यांनी माझा एकही कार्यक्रम चुकवला नाही आणि एकदाही यांना बास वेगळा ऐकू आला नाही. "तू थांबलीस की कळतं, काहीतरी गेलं," असं ते म्हणतात. याहून चांगली दाद मला कोणी दिलेली नाही. (खाकरले. हे रागाचं नव्हतं, तरी खाकरले.)

कलम २. मोठा अँप्लिफायर आमच्या ड्रमवाल्याला, कारण तो उचलण्याची ताकद त्याच्याच पाठीत आहे. सोल्डरिंगचं सामान, मल्टिमीटर आणि स्क्रूंचे डबे मुलीला. डब्यांवरची लेबलं खोटी आहेत. कशात काय आहे ते तिला ठाऊक आहे.

कलम ३. छोटा पेडलबोर्ड. या कलमासाठीच बाकीची कलमं आहेत, म्हणून कोर्टाने जरा सावकाश वाचावं.

पेडल म्हणजे पायाने दाबायचं डबडं. गिटारचा आवाज त्यातून जाताना बदलतो. जुना बोर्ड मला उचलायची बंदी झाली, त्याच आठवड्यात मी हा बांधायला घेतला. चपलांच्या रॅकची एक फळी काढली. तेव्हापासून आमच्या घरात चपला जमिनीवर आहेत आणि फळी कुठे गेली असं मला रोज विचारलं जातं. उत्तर इथे नोंदवलं आहे. शाळेच्या दप्तरात बसेल एवढी ती कापली, कडा घासल्या, खालच्या अंगाला वीज देणारा डबा स्क्रूने बसवला. वर चार पेडलं: सूर जुळवायचा ट्यूनर, जोरातले आणि हळू सूर एका पातळीवर आणणारा कॉम्प्रेसर, मग भुंगा, मग ब्लेंडर. दोन पेडलांच्या मधे बोट जात नाही. प्रत्येक वायर जागेवर धरून, मापून कापली आहे.

भुंगा मी स्वतः बनवलेलं पहिलं पेडल. बासचा सूर तो खरखरीत करतो, पण तसं करताना खालचा जाडपणा खातो. म्हणून पुढे ब्लेंडर: तो मूळ आवाज बाजूने तसाच आणतो आणि भुंग्याच्या आवाजात मिसळतो. भुंग्याशिवाय ब्लेंडरला काही काम नाही आणि ब्लेंडरशिवाय भुंगा नुसताच गुणगुणतो.

भुंग्याची दुसरी खोड अशी की त्याची धन-ऋण बाजू बाकीच्यांच्या उलटी आहे. बाकी पेडलांच्या सामाईक वायरवर त्याला जोडलं की शॉर्ट आणि धूर. म्हणून त्याची वायर स्वतंत्र आणि लाल. ती मी इतकी आखूड कापली आहे की डब्यातून निघून ती भुंग्यापर्यंतच पोहोचते, आणि सामाईक वायरीचं एकही टोक भुंग्यापर्यंत पोहोचत नाही. घाईत, अंधारात, कुणीही आलं तरी चूक करता येणार नाही.

कलम ४. जुन्या बोर्डावर ही चूक कोणी केली ते. (हे सावध झाले आहेत.)

माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, बँडचा म्होरक्या आणि गिटारवाला. एका मोठ्या कार्यक्रमाआधी मी मागे तारा बदलत होते. परत आले तर स्टेजवर भुंग्यातून धूर निघत होता. मी वायर तपासायच्या आत दादाने सगळ्यांसमोर माईकवर सांगितलं, "आमच्या बहिणीचं सोल्डरिंग कच्चं निघालं, सांभाळून घ्या." लोक हसले. मी त्या दिवशी भुंग्याशिवाय वाजवलं आणि त्यानंतर दादाबरोबर कधी वाजवलं नाही. घरी येऊन उघडला तेव्हा माझा एकही जोड सुटलेला नव्हता; सामाईक वायर लागून आतले भाग जळाले होते. जळालेले भाग बदलून तो मी पुन्हा उभा केला. पण "सोल्डरिंग कच्चं" हे दादा पुढे प्रत्येक घरगुती समारंभात सांगत राहिला, आणि दुरुस्तीला येणारी माणसंही मला गमतीत तेच विचारू लागली. मला ती गंमत कधीही वाटली नाही.

(इथे मला पाणी दिलं गेलं. वकीलबाई म्हणाल्या, "ताई, हे कलम कायद्याच्या कामाचं नाही." मी म्हटलं, "माझ्या कामाचं आहे.")

कलम ५. छोटा बोर्ड माझ्या मुलीला. मात्र त्यातला भुंगा दादाला.

हे वाक्य मी दात-ओठ खाऊन लिहिलं आहे. मागच्या आठवड्यात दवाखान्याच्या बाकावर दादा मला म्हणाला, "भुंगा तेवढा मला राहू दे. बाकी सगळं पोरीला दे." ज्या चालीसाठी मी तो बनवला, ती चाल त्याची होती, हेही खरं. आणि मी नसताना तो पोरीच्या दारात जाऊन तो मागेल, ती नाही म्हणेल, आणि मामा-भाचीत माझ्या नावाने जुंपेल, हे मला नको. मी बाजूला झाल्यावर भांडण तरी बाजूला व्हावं.

मुलीने हे खांद्यावरून वाचलं. ती बोर्ड मांडीवर घेऊन बसली होती.

"आई, भुंगा काढलास तर मधे भोक पडेल."

"दुसरं काहीतरी बसव."

"तू मापून कापलंयस सगळं. दुसरं बसणारच नाही. ब्लेंडर कशात मिसळणार, हवेत?"

तिचे डोळे भरले होते. हे खाकरले नाहीत. ते बाहेर बघत होते. त्या भोकाचा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही, हे मी इथे स्पष्ट लिहिते.

कलम ६. हे कलम नंतर वाढवलं आहे.

दुसरा साक्षीदार म्हणून वकीलबाईंचा कारकून येणार होता. त्याची गाडी रस्त्यात बंद पडली. दवाखान्यात आज संध्याकाळीच दाखल व्हायचं आहे, पिशवी दारात भरून ठेवली आहे, आणि वकीलबाई घड्याळाकडे बघू लागल्या. तेवढ्यात मला न्यायला म्हणून दादा आला. जमिनीवरच्या चपलांना अडखळला आणि म्हणाला, "फळी कुठे गेली तुमची?"

कोणी हसलं नाही. वकीलबाईंनी विचारलं, "तुम्ही साक्षीदार व्हाल का?" मग कलम ५ आठवून लगेच म्हणाल्या, "नाही, तुम्हाला नाही चालणार. ज्याला यातून काही मिळतं त्याने सही केली, तर त्याचं मिळणं धोक्यात येतं."

"मला काय मिळतंय?" दादाने विचारलं.

मी कागद पुढे केला. त्याने कलम ३ वाचलं, ४ वाचलं, ५ वाचलं. माझी नाडी मलाच कानात ऐकू येत होती. मग त्याने भाचीच्या मांडीवरून बोर्ड उचलला, उलटा केला, आणि लाल वायर बोटाने चाचपली.

"एवढी आखूड कशाला ठेवलीस?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं.

त्याने वायर सोडली. मग बोर्ड जसा होता तसा भाचीच्या मांडीवर ठेवला आणि वकीलबाईंकडे हात केला. "पेन द्या."

"दादा, सही केलीस तर भुंगा जाईल."

"मला समजतं मराठी. पेन द्या म्हटलं ना!"

वकीलबाई म्हणाल्या, असं असेल तर कलम ५ मधली ती ओळ मीच खोडावी आणि शेजारी सही करावी, म्हणजे पुढे कोणाला शंका नको. मी "मात्र त्यातला भुंगा दादाला" हे शब्द खोडले आहेत. सबब छोटा पेडलबोर्ड चारही पेडलांसह, लाल वायरीसह, फळीसह, अखंड माझ्या मुलीचा. भुंगा त्यावरून कोणीही, कोणत्याही कारणाने उतरवू नये.

कलम ७. मी परत आले तर बोर्ड माझा आहे. कोणी हात लावू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, मला पटला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्या दोघांनीही माझ्यासमोर केली.

स्थळ: घराची पुढची खोली, रिपेअरिंगचं टेबल.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार १: वकीलबाई (सही)

साक्षीदार २: मृत्युपत्र करणारीचा थोरला भाऊ (सही). वायर मी लावली होती. सोल्डरिंग पक्कं होतं.