मेतकुटाचा डबा आणि बाझलची सरहद्द

नेपरव्हिल,
ऑगस्ट १९८७

ती. सौ. नंदाताईस सुलभाचा सा. न.

तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचं ब्लडप्रेशर? चि. दीपाची परीक्षा? आमचं विचारशील तर युरोपहून धडधाकट परत आलो, पण माझं डोकं अजून ठिकाणावर नाही आणि त्याला सर्वस्वी तू जबाबदार आहेस. धाकटी बहीण म्हणून आजवर तोंड उघडलं नाही, आज उघडते.

आम्ही युरोपला निघालो असं तुला कळवायची माझी मेलीची हौस! लगेच तुझा हुकूम : बाझलला जाच, तिथे औषधांच्या कंपनीत संशोधन करणाऱ्या प्रसन्नचं स्थळ आपल्या दीपासाठी सांगून आलंय. वर बजावलंस, पाहुण्यांसमोर सगळेच मुलगे नीट बसतात, तू घर बघ, फडताळ उघड, मोरीत डोकाव. आणि रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून मेतकुटाचा डबा. (तो नागपूरहून नेपरव्हिलला आणि तिथून युरोपला गेला. एवढा प्रवास माझ्या सासऱ्यांनी जन्मात केला नाही.)

बाझल फार देखणं आहे, असं मला ह्यांच्याकडून कळलं. ह्यांनी एकेक म्युझियम पालथं घातलं. तिथले लोक म्हणे ऑफिस सुटलं की कपडे पिशवीत बांधून ऱ्हाइन नदीत उतरतात आणि प्रवाहाबरोबर घराकडे वाहत जातात. मी काय पाहिलं? ट्रामचा शेवटचा स्टॉप! कारण तुझं स्थळ नोकरीला स्वित्झर्लंडमध्ये आणि राहायला त्या स्टॉपच्या पलीकडे, जर्मनीत. (तिकडे भाडं कमी.) मधे सरहद्दीची चौकी. माझा पासपोर्ट अजून भारताचा, व्हिसा फक्त स्वित्झर्लंडचा. चौकीवरच्या शिपायाला हातवारे करकरून सांगितलं की नुसती मोरी बघून लगेच परत येते, पण त्याला लग्नाच्या मुली नसाव्यात.

शेवटी आमच्या सीमाला पुढे केलं. ती जन्माने अमेरिकन, तिला कोण अडवणार? "मॉम, धिस इज सो एम्बॅरसिंग! मी कुणाचं बाथरूम चेक करणार नाही!" मी हात जोडले तेव्हा गेली, आणि मी बाकावर बसले. परत आली ती भलताच डबा घेऊन! तुझ्या डब्यातलं मेतकूट संपेपर्यंत म्हणून त्याने स्वतःच्या डब्यात चेरी भरून दिल्या होत्या. आता त्याचा डबा परत करायला हवा, आणि तो रिकामा कसा द्यायचा? मी चिवडा भरला. त्याने डबा ठेवून घेतला आणि वाडगाभर शिरा दिला. मग तो वाडगा! ताई, आठवडाभर सीमा भांडी घेऊन जर्मनीत आणि मी बाकावर. नंतर नंतर तर हात जोडावेही लागले नाहीत.

आता स्थळाबद्दल. तांदूळ आणि मोजे एकाच खणात ठेवतो. कांदा चिरताना गातो, सुरात नाही. शेवटच्या दिवशी तुझा डबा घेऊन तो स्वतःच स्टॉपवर आला. (म्हणजे त्याला येता येत होतं! पहिल्याच दिवशी का नाही आलास विचारलं, तर म्हणतो, "काकू, तुम्ही घर बघायला येते म्हणून कळवलं होतंत.") आणि भर रस्त्यात माझ्या पाया पडला, ट्रामचा ड्रायव्हर बघत असताना. तेव्हा बहीण म्हणून कळकळीने सांगते, हा मुलगा आपल्या दीपाला शोभायचा नाही. मनातून काढून टाक.

भावजींना नमस्कार, दीपाला आशीर्वाद.

तुझी
सुलभा

ता. क. सीमा हल्ली मेतकूट कसं करतात ते विचारते. ताई, लपवून काय होणार आहे? तिचं आणि प्रसन्नचं ठरलं. तुला तोंड कसं दाखवू, ह्या विचाराने मला अन्न गोड लागत नाही. सीमाने दीपाला फोन केला होता, ती "सुटले बाई" म्हणाली म्हणे. खरंच तसं म्हणाली का, तेवढं कळव.

ता. क. दुसरा : इथले राजारामकाका नागपूरला निघालेत, त्यांच्याबरोबर तुझा डबा पाठवते आहे. रिकामा कसा पाठवायचा, म्हणून पेढे घातलेत. (मिल्क पावडरचे आहेत, गोड मानून घे.) तूही तो रिकामा पाठवू नकोस. प्रसन्नची पत्रिका तुझ्याकडेच आहे.