बावीस जणांची एकच चौकट

जानेफळ, गुरुवार, १२ डिसेंबर

संताप अजून उतरला नाही. आमच्या शेतकरी गटाची वेबसाइट आज गटाच्या अध्यक्षांना, रामरावकाकांना दाखवली. बावीस सभासद आहेत, त्यांत घरी तिखट कुटून विकणारी माझी आईही. वेबसाइट बांधायच्या एका छोट्याशा तयार साच्यात, फ्रेमवर्कमध्ये, मी एकच कंपोनंट बनवला, म्हणजे एक चौकट: फोटो, नाव, विकायचा माल. तीच चौकट बावीस वेळा वापरली. कोणी मोठं नाही, कोणी लहान नाही. मला त्याचाच केवढा आनंद होता!

काका म्हणाले, "हे काय करून ठेवलं व? बॅनरवर असते तसा माहा फोटो मोठा घे. बाकीचे खाली, बारीक. अन् तुह्या मायचा पार शेवटी टाक. तिच्या पावभर तिखटाले कोण पाह्यते?"

मी घरातली पहिली पदवीधर झाले तेव्हा याच माणसाने मला शाल दिली होती. ती कशासाठी?

आईला सांगितलं, तर ती म्हणते, "टाक ना व शेवटी. काऊन भांडून राह्यली?" तिचाच जास्त राग आला. की वाईट वाटलं?

मोठा फोटो हवा ना? मी चौकटीचंच माप वाढवलं. बदल एका ठिकाणी केला आणि बावीसही चेहरे मोठे झाले. तसंच काकांना पाठवून दिलं. उद्या काम काढून घेतील. घेऊ देत.

आई मघापासून मोबाइलवर स्वतःची चौकट बघत बसली होती. आत्ता म्हणाली, "हा फोटो नको व. नवं पातळ नेसतो, दुसरा काढ."