डाव्या बाजूचा खांब

४ नोव्हेंबर, मंगळवार

चावी मी दिली. हे आधी लिहून टाकते. नाहीतर उद्या मलाच पटायला लागेल की बाबांनी ती आपणहून घेतली.

दातवाल्या डॉक्टरीणबाईंची राखाडी गाडी. मागचं दार चेपलं होतं. ठोकलं, रंगवलं, परत बसवलं. मग दार वाजतंय का बघायला एक चक्कर मारावी लागते. ती हल्ली मी मारते. बाबांना काचबिंदू आहे आणि हे आम्हा दोघांशिवाय गॅरेजात कुणाला माहीत नाही. कडेचं दिसत नाही. करडे-निळे सगळे एकच वाटतात. शेड मी जुळवते, डबा बाबा हलवतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "उस्ताद, नजर म्हणजे नजर हां तुमची!" बाबा मिशीत हसतात. मी पण.

आज मी माळ्यावर कथा लिहीत बसले होते. खालून हाक — "लेखिकाबाई, चक्कर मारायचीय!" मी वरूनच चावी फेकली. "तुम्हीच जा ना बाबा, इथल्या इथे!"

एका वाक्यासाठी. ते वाक्यही नंतर खोडलं.

परत आले तर पुढचा बंपर डावीकडून फाटलेला, मडगार्ड आत गेलेलं.

"खांबाला घासली. डाव्या बाजूचा खांब… दिसला नाही गं."

मी हसले! म्हटलं, "खांब बरा आहे ना?"

५ नोव्हेंबर

खांबाला हिरवा रंग नसतो.

बंपरवर हिरवे ओरखडे आहेत, सायकलच्या रंगाचे. आणि बंपरच्या जाळीत अडकलेली एक किल्ली. कोरी, पितळी, अजून दाते न पाडलेली. ती हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे.

दुपारी शेजारचा पंक्चरवाला आला, नेहमीसारखा ओरडत. "उस्ताद, ऐकलंत का? नाक्यावरच्या किल्लीवाल्याला उडवलं काल! सायकलसकट! रस्ताभर किल्ल्या. आणि थांबला पण नाही हरामखोर!"

बाबा पुट्टी घासत होते. "वाईट झालं," म्हणाले. हात थांबला नाही.

म्हणजे त्यांना माहीतच नाही. त्यांना खरंच खांब वाटला! मी देवाबिवाला मानत नाही, पण आज मनातल्या मनात हात जोडले.

किल्ली माझ्या खिशात आहे.

६ नोव्हेंबर

बाबांनी मडगार्ड ठोकून बंपर सांधला, मी शेड जुळवली. राखाडी सगळ्यात नाठाळ. उन्हात एक, सावलीत भलतीच. एकेक थेंब निळा टाकत गेले. स्प्रेगन मारली, पॉलिश केलं. जुना रंग कुठे संपतो, नवा कुठे सुरू होतो, शोधून सापडत नव्हतं. इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.

आणि मी शीळ घालत होते. शीळ!

मग लक्षात आलं, आपण काय पुसून टाकलंय.

संध्याकाळी बाई गाडी घेऊन गेल्या. "अय्या, अगदी नवी दिसतेय हो!" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं — "पोरीचं काम." पहिल्यांदाच कुणासमोर तसं म्हणाले. आजच म्हणायचं होतं?

८ नोव्हेंबर

जेवण जात नाही. बाबा म्हणतात, "प्रेमात पडलीस की काय? मुलगा रंगकाम जाणतो का तेवढं विचार."

९ नोव्हेंबर, रविवार

हॉस्पिटलात जाऊन आले. कशाला गेले? बघायला. चोरासारखी.

किल्लीवाल्याचा उजवा हात खांद्यापासून बांधलेला. मांडीत सळई घातलीय. बायको संत्रं सोलत होती. "तुम्ही कोण ताई?" "गिऱ्हाईक," म्हटलं. "आमचं कुलूप अडकलंय." तेवढंच सुचलं! तो बिचारा म्हणतो, "हात सुटला की पहिलं तुमचं करतो. तोवर तेल सोडा, जोर नका करू." माझ्या खोट्या कुलपाची काळजी.

त्याला काळजी पायाची नाही, पेटीची. "लोकांच्या किल्ल्या होत्या हो पेटीत. कुणाकुणाला घरात जाता येत नसेल."

मी विचारलं, गाडी बघितलीत का? म्हणाला, "मागून आली. पडल्यावर मी हात वर केला, थांबेल म्हणून. त्याला दिसलं नसेल." बायको भडकली, "दिसलं नसेल म्हणे! तुम्हाला सगळं जग साधं!"

दिसलं नसेल. घरी येईपर्यंत तेच घोकत होते. रस्ताभर विखुरलेल्या किल्ल्यांवर एक छान वाक्यही सुचलं.

थू माझ्यावर.

११ नोव्हेंबर

कुणीतरी नंबर अर्धा वाचला होता. पोलिसांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

दुपारी हवालदार बाईंना गाडीसकट घेऊनच गॅरेजात आला. बाईंचा चेहरा उतरलेला. "उस्ताद, तुम्ही तरी सांगा ना! मंगळवारी गाडी तुमच्याकडे होती!"

बाबा फडक्याने हात पुसत राहिले. "मंगळवारी नेलीत की नंतर, नीट आठवत नाही. किती गाड्या येतात साहेब."

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. "आणि तुला?"

मी मान हलवली. नाही आठवत.

डोळ्यांचं बाहेर येईल म्हणून घाबरले बाबा, दुसरं काय? त्यांच्या लेखी तो खांबच आहे. माझ्या लेखी काय आहे? मला तर सगळं माहीत आहे.

बाई जाताना रडल्या नाहीत. मडगार्डवरून हात फिरवला, जिथे मी रंग मारलाय नेमका तिथेच, आणि म्हणाल्या, "इथे काही झालंच नव्हतं हो." खरंच वाटतंय त्यांना. इतकं छान काम!

१३ नोव्हेंबर

बाईंच्या दवाखान्याच्या पाटीवर कुणीतरी काळं फासलंय. मी समोरच्या फुटपाथने गेले. मान खाली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं.

गॅरेज बंद केल्यावर किल्ली बाबांच्या पुढ्यात ठेवली. हिरवे ओरखडे, हॉस्पिटल, बायको, सळई, एकेक सांगितलं. म्हटलं, "बाबा, तो खांब नव्हता. पण तुमचा दोष नाही. चावी मी दिली. तुम्हाला दिसत नाही हे माहीत असून दिली. आपण चौकीत जाऊ, डोळ्यांचे कागद दाखवू. दिसलंच नाही म्हटल्यावर समजून घेतील."

बाबा किल्ली बोटांत फिरवत बसले. मला वाटलं होतं कोसळतील. नाही कोसळले. एवढंच म्हणाले, "गॅरेजचं काय?"

"मी बघीन."

"आणि तुझ्या कथा?"

मला एकदम रडू फुटलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. हाताला थिनरचा वास. "उद्या जाऊ," म्हणाले.

किती हलकं वाटतंय! त्यांना आधीच सांगायला हवं होतं. विनाकारण त्यांच्यापासून लपवलं.

१५ नोव्हेंबर

निघताना डोळ्यांचे कागद पिशवीत घातले. बाबांनी ते काढून परत टेबलावर ठेवले.

"हे नको. आधी नाही दिसला, पण नंतर दिसला. आरशात. हात वर केला होता त्याने."

हात वर केल्याचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.