माइक गेलेला फोन

मंगळवार, ९ सप्टेंबर

– हॅलो, हॅलो. बाबा, आवाज येत नाहीये तुमचा.

मी ओरडून सांगतोय, मला येतोय गं, तू बोल. कारखान्यात मशीनच्या वर आवाज चढवून जन्म गेला, ओरडणं जमतं. शेजारची किर्ती काय झालं म्हणून धावत आली. नागपूरला अक्षदाला मात्र काही ऐकू गेलं नाही. तिने ठेवला.

किर्तीने फोन हातात घेतला, खालच्या भोकात फुंकर मारली, स्वतःचा नंबर लावून पाहिला. म्हणाली, माइक गेला, काका. तुम्हाला सगळ्यांचं ऐकू येणार. तुमचं कुणाला नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

अक्षदाने व्हॉइस मेसेज पाठवला. "बाबा, नवीन घ्या आता, जुना झाला तो. घेईपर्यंत हे ऐका." मग ती बोलत राहिली. नागपूरचा उकाडा. ऑफिसातली कुरकुरणारी खुर्ची, ती कुणी बदलून नेली त्याची चौकशी. मी भात लावला, कुकर झाला, ती अजून बोलत होती.

टाइप केलं – ऐकलं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आमचं फोनवर बोलणं कधी असं नव्हतं. मी एसटीडी बूथवर शिकलेला माणूस. समोर लाल आकडे पळतायत, काचेबाहेर पुढचा माणूस उभा. जेवलीस का, पैसे आहेत का, ठेवतो. बूथ गेले. वाक्यं तीच राहिली. बाकीचं रोहिणी बोलायची. ती गेल्यापासून दर रविवारी अक्षदाचा फोन येतो आणि आम्ही बापलेक ही तीन वाक्यं म्हणतो.

आज पुन्हा मेसेज आला. कालच्यापेक्षा लांब.

शनिवार, १३ सप्टेंबर

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेलो. शेअर रिक्षात शेजाऱ्याचा जीन्सचा गठ्ठा निम्मा माझ्या मांडीवर.

हरेशचं मोबाइलचं दुकान. त्याने फोन उघडला, चिमट्याने आत टोचलं.

"माइक ही है, साईं. छोटा पार्ट. चाय पी के आओ, तोपर्यंत होऊन जाईल."

मी म्हणालो, नको.

"तो नवीन दाखवू?"

"आज नको."

"फिर आए क्यूँ, अंकल?"

म्हणालो, पितृपक्ष चालू आहे, या दिवसांत नवीन वस्तू घेत नाहीत.

"रिपेरिंग में कैसा पितृपक्ष? फोन तो पुराना ही है ना."

त्याने स्क्रू परत बसवले. पैसे घेतले नाहीत. चहा पाजला.

रिक्षात बसून अक्षदाला टाइप केलं – पितृपक्ष संपल्यावर बघू.

रविवार, १४ सप्टेंबर

"तुम्ही कधीपासून पितृपक्ष पाळायला लागलात, बाबा? आईच्या वर्षश्राद्धाला भटजी नको म्हणून मामाशी भांडलेले ना तुम्ही?" आणि हसली. तिचं हसणं रोहिणीसारखं मध्येच तुटतं, हे मला माहीत नव्हतं. तीन वाक्यांत हसायला जागा नसते.

पुढे म्हणाली, "एक सांगू? कॉलवर मला हे जमत नाही. तुम्ही आता ठेवतो म्हणाल, म्हणून मीच आधी ठेवते."

सोमवार, १५ सप्टेंबर

किर्ती म्हणते, थांबा काका, बावीसपासून सेल आहे. तिचा नवरा महेश म्हणतो, सेलमध्ये जुना माल खपवतात, आत्ताच घ्या. दोघं माझ्या दारात उभं राहून भांडले. मी महेशचं मन लावून ऐकल्यासारखं केलं आणि किर्तीचं मानलं.

बुधवार, १७ सप्टेंबर

मेसेज नाही. दोनदा फोन बंद करून चालू केला.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

सकाळपासून लाईट नाही. मेसेज आला तेव्हा बॅटरी तळाला होती. ऐकून होईल की नाही, ही धास्ती. झालं.

सुयोगबद्दल होता. जावई चांगला आहे, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ती म्हणाली, "आम्ही जेवताना बोलत नाही, बाबा. आधी मला वाटायचं, दमलाय. मग वाटलं, मीच दमलेय. आता काही वाटत नाही. मी वेगळी राहणार आहे. खोली बघून ठेवलीय. रविवारी त्याला सांगते."

इथे तिने पाणी प्यायल्याचा आवाज.

"सांगून झालं की तुम्हाला फोन करीन. तोवर फोन नीट करून घ्या. टाइप करू नका. सल्ला नको. लहानपणी माझ्या गोष्टीला द्यायचात तसा नुसता हुंकार द्या. या मेसेजमध्ये तेवढंच नाही. भिंतीशी बोलल्यासारखं होतं."

पहिल्या पाळीहून येऊन मी आडवा झालो की ती उशाशी बसून गोष्ट सांगायची. मी डोळे मिटून हं, हं म्हणायचो. झोप लागून हं थांबलं की गालावर चापट. हं म्हटल्याशिवाय राजकन्या पुढे जायची नाही.

फोन बंद पडला. लाईट आल्यावर टाइप केलं – कर फोन. उचलतो.

शनिवार, २० सप्टेंबर

बूट घातले. काढले. भिंत होणं मला मानवलं होतं. उद्या सकाळी जाऊन माइक बसवून आणायचा. चहाएवढं काम.

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री अमावस्या. हरेशच्या दुकानात गिऱ्हाईक मी एकटा.

"पार्ट उस दिन था, साईं. आता मंगळवारी येईल."

"मग नवीन द्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आज? कल से नवरात्र है. कल आओ, हार घालून देतो."

"आजच पाहिजे."

"और पितृपक्ष?"

"संध्याकाळी संपतोय."

तो हसला आणि खोकं काढलं. रंग कुठला, विचारत होता. मी म्हणालो, ज्यात बोललेलं ऐकू जातं तो. त्याने आतल्या पोऱ्याला रस्त्यापलीकडे पाठवून माझ्याशी बोलायला लावलं. "सुनाई दे रहा है, अंकल." दोनदा खात्री केली.

संध्याकाळी तिचा फोन आला. स्वच्छ आवाज, शेजारी बसल्यासारखा.

"येतोय बाबा आवाज तुमचा."

मी म्हणालो, "जेवलीस का?"

"हो."

"झालं बोलणं?"

"झालं."

"पैसे आहेत का?"

"आहेत."

मग तिचा श्वास. ती पुढचं जुळवत होती. एवढं मला कळत होतं. कळत असताना मी म्हणालो, "बरं. ठेवतो."

नव्या फोनवर कॉल किती वेळ चालला तेही दिसतं. बूथवर कधी इतका स्वस्त पडला नव्हता.

परत लावायला हवा होता. नाही लावला. जुना फोन कपाटात ठेवला, मग काढून टेबलावर ठेवला.

सोमवार, २२ सप्टेंबर

सकाळी दूध गॅसवर ठेवलं आणि तिचा फोन आला. उचलला. काही विचारलं नाही.

ती थांबली. बराच वेळ. मग म्हणाली, "नव्याचाही माइक गेला का, बाबा?"

"हं," मी म्हणालो.

ती बोलू लागली. दूध उतू गेलं.